एका पानाची सोळा पानं

राजगुरुनगरच्या घाटावर भाद्रपदात उभं राहिलं की भीमा बरंच काही घेऊन येताना दिसते. मोडक्या फांद्या, जलपर्णीचे पुंजके, नारळाची करवंटी, आणि मधूनच एखादं हिरवंगार पान. गेल्या पावसाळ्यात माझ्या पाच वर्षांच्या भाचीनं असंच एक पान वाहताना पाहिलं. “मावशी, हे कुठून आलं गं?” मी म्हटलं, भीमाशंकरच्या जंगलातून आलं असेल. “तिथं त्याच्या झाडावर कोण राहतं?” शेकरू राहतो. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मग शेकरूला माहितेय का, त्याचं पान इथं आलंय ते?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी सोळा पानांचं एक चित्रपुस्तक करायला घेतलं. चित्रं संगणकावर काढली, व्हेक्टर पद्धतीनं. हे काम कसं चालतं, असं शिक्षक विचारतात, पालक विचारतात, चित्रकलेच्या वर्गातली मुलं विचारतात. काहींना वाटतं, बटण दाबलं की चित्र तयार होतं. काहींना वाटतं, यात गणित फार, आपल्याला जमायचं नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. म्हणून पहिल्या रेघेपासून छापखान्यापर्यंतचा सगळा रस्ता इथे क्रमानं सांगते.

रांगोळी आणि रांगोळीचा फोटो

संगणकात चित्र दोन तऱ्हांनी साठवता येतं. पहिल्या तऱ्हेत चित्र म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांचा गालिचा. मोबाइलवर काढलेला फोटो असाच असतो. तो मोठा करत गेलं की ठिपके उघडे पडतात आणि कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसू लागतात. दुसरी तऱ्हा व्हेक्टरची. तिच्यात साठवलेल्या असतात चित्र काढायच्या सूचना: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वळणारी रेघ ओढ, आतला भाग हिरवा भर.

ठिपक्यांची रांगोळी आठवून बघा. शेजारणीला आपण सांगतो, “सात ते एक ठिपके दे, मधला सोड, बाजूचे असे वळवून जोड.” एवढ्या सांगण्यावर ती अंगणभर रांगोळी काढू शकते किंवा उंबऱ्यापुरती. रेघ दोन्हीकडे सारखीच नितळ येते. रांगोळीचा फोटो काढून दिला असता तर तो अंगणाएवढा मोठा करताना पुसट झाला असता. व्हेक्टर चित्र म्हणजे ते तोंडी सांगणं.

आकड्यांत बघायचं तर माझ्या पुस्तकाचं पान २१ सेंटीमीटरचं चौरस आहे. समोरासमोरची दोन पानं मिळून एक चित्र, आणि चारही बाजूंना कापण्यासाठी सोडलेली ३ मिलिमीटरची जागा. असं एक चित्र छपाईला लागतं तितक्या बारकाईनं, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून साठवलं, तर सुमारे १ कोटी २८ लाख ठिपके होतात. त्याच चित्रातलं झाडाचं पान व्हेक्टरमध्ये साठवायला पुरतात फक्त सहा बिंदू. हे सहा बिंदू कुठून आले, ते समजून घ्यायला थोडं चाकणच्या रस्त्याला लागावं लागेल.

मोटारीच्या कारखान्यात जन्मलेली रेघ

आमच्या गल्लीतले एक दादा चाकणला टूलरूममध्ये डिझाइनच्या कामाला आहेत. एका रविवारी ते काही द्यायला घरी आले आणि माझ्या स्क्रीनवर शेकरूची शेपटी बघून थांबले. “ताई, ही तर आमची स्प्लाइन! बॉनेटचा उठाव आम्ही याच रेघेवर ओढतो.” ते अगदी बरोबर बोलले होते. राजगुरुनगरपासून दहा-बारा किलोमीटरवर ज्या मोटारींचे पत्रे साच्यांत दाबले जातात, त्यांचे बाक आणि मुलांच्या पुस्तकातली शेपटी एकाच घराण्यातल्या रेघा आहेत.

स्प्लाइन म्हणजे मुळात लाकडाची लवचिक पट्टी. जहाज बांधणारे कारागीर ती वाकवायचे, ठरलेल्या जागी वजनं ठेवून अडकवायचे आणि तिच्या कडेनं रेघ ओढायचे. मोटारींचे आकारही बराच काळ अशा पट्ट्यांनी, लाकडी फर्म्यांनी आणि मातीच्या नमुन्यांनी ठरत. पण आकड्यांवर चालणारी यंत्रं आल्यावर पंचाईत झाली. यंत्राला पट्टी दाखवून चालत नाही, आकडे द्यावे लागतात. मग डौलदार वळण आकड्यांत सांगायचं कसं?

फ्रान्समध्ये दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या कारखान्यांत याचं उत्तर शोधलं. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्टेल्जो यांनी १९५९ मध्ये आपली रीत मांडली, पण कंपनीनं ती गुप्त ठेवली. रेनोमध्ये पिअर बेझिए यांनी १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे तेच साधलं आणि ते जगापुढे आणलं. म्हणून या रेघेला बेझिए वक्ररेषा असं नाव पडलं. पुढे १९८४ मध्ये ॲडोबी कंपनीनं छपाईयंत्राला पान समजावून सांगणारी पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आणली, तिच्यातल्या वक्ररेषा याच होत्या. १९८७ मध्ये इलस्ट्रेटर हे सॉफ्टवेअर आलं आणि कारखान्यातली रेघ चित्रकाराच्या टेबलावर पोचली. आज इलस्ट्रेटर विकत घेणं परवडलं नाही तरी अडत नाही. २००३ पासून इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि चित्रपुस्तकासाठी ते पुरेसं आहे.

कागदावर करून बघा

संगणक लावण्याआधी ही रेघ एकदा पट्टी-पेन्सिलनं काढून बघावी. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर सॉफ्टवेअरमधलं काहीच जादूचं वाटत नाही.

कागदावर १२ सेंटीमीटरची आडवी रेघ घ्या. डावं टोक ‘अ’, उजवं टोक ‘ड’. ‘अ’च्या सरळ वर ८ सेंटीमीटरवर ‘ब’ बिंदू द्या आणि ‘ड’च्या सरळ वर ८ सेंटीमीटरवर ‘क’. अब, बक आणि कड या तीन रेघा जोडा. आता प्रत्येक रेघेचा मध्य काढा. तीन मध्यबिंदू मिळतील. ते ओळीनं जोडले की दोन रेघा होतात. त्या दोघींचे मध्य काढा आणि जोडा. उरली एकच रेघ. तिचा मध्य हा आपल्या वक्ररेषेवरचा बिंदू.

मोजून बघा. तो आडव्या रेघेपासून बरोबर ६ सेंटीमीटर वर असेल. मध्याऐवजी प्रत्येक रेघेचा पाव भाग घेऊन हेच केलं की वक्ररेषेवरचा दुसरा बिंदू मिळतो, पाऊण भाग घेऊन तिसरा. असे बिंदू घेत गेलं की ‘अ’पासून ‘ड’पर्यंत एक नितळ कमान उभी राहते. द कास्टेल्जो यांची रीत ती हीच, आणि संगणक हेच काम क्षणात शेकडो वेळा करतो.

यात लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन. रेघ ‘अ’ आणि ‘ड’मधून जाते, त्यांना अँकर पॉइंट किंवा नोड म्हणतात. ‘ब’ आणि ‘क’ला मात्र ती शिवत नाही. ते तिला लांबून आपल्याकडे ओढतात, त्यांना हँडल म्हणतात. पतंगाचा मांजा जसा लांबून पतंग वळवतो, तसे. आणि दोन्ही हँडल सारख्याच उंचीवर असली की रेघ त्या उंचीच्या पाऊणपट चढते. ८ चे ६ झाले, ते म्हणूनच.

दोन टोकांचं पान

आता माझं जांभळाचं पान काढू. देठाकडे एक नोड, टोकाला दुसरा. दोघांमध्ये १२ सेंटीमीटर अंतर. पानाची एक बाजू मधल्या शिरेपासून ३ सेंटीमीटर फुगायला हवी असेल, तर दोन्ही हँडल शिरेपासून ४ सेंटीमीटर लांब ओढायची. पाऊणपटीचा हिशोब इथे कामाला येतो. खालच्या बाजूलाही तसंच करायचं. दोन नोड, चार हँडल, मिळून सहा बिंदू. मघाशी म्हटलेलं पान ते हेच.

पण असं काढलेलं पान छापील शिक्क्यासारखं दिसतं, कारण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतात. जांभळाचं खरं पान हातात घेऊन उन्हाकडे धरा. मधली शीर किंचित कलते, एक बाजू जरा जास्त पोटाळते, बारीक शिरा दाटीवाटीनं कडेकडे जातात आणि कडेच्या अलीकडेच एका रेघेत मिळतात. म्हणून मी एका बाजूचं हँडल तीन-चार मिलिमीटर सरकवते आणि मधली शीर हलकी वाकवते. एवढ्यानं पान जिवंत वाटायला लागतं. कुठलं हँडल, किती आणि कुणीकडे सरकवायचं, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते झाडाखाली उभं राहूनच कळतं.

नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. रेघ मनासारखी वळली नाही की ते आणखी एक नोड देतात, मग आणखी एक. शेवटी कडेवर बारीक लाटा उठतात. चाकणच्या दादांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, “पॉइंट वाढला की पत्र्यावर लाट येते. लाइटखाली गाडी उभी केली की ती लगेच दिसते.” कागदावरही तसंच होतं. म्हणून नियम असा ठेवावा: आकार जिथे सगळ्यात वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पोचतो तिथे नोड द्यायचा, आणि जिथे टोक निघतं तिथे द्यायचा. मधलं वळण हँडलवर सोपवायचं. हँडलची लांबी साधारणपणे दोन नोडमधल्या अंतराच्या एक तृतीयांश ठेवून सुरुवात केली की रेघ फारशी बिघडत नाही.

वर्तुळसुद्धा असंच असतं. शेकरूचा डोळा म्हणून आपण जे वर्तुळ ओढतो, त्यात चार नोड असतात आणि प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.५५२३ पट असते. गणिताच्या काटेकोर अर्थानं ते वर्तुळ नव्हे. पण १० सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तरी चूक ०.०३ मिलिमीटरच्या आत राहते. केसाची जाडीसुद्धा त्याहून जास्त.

शेकरू कसा घडतो

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि भीमाशंकरच्या जंगलाची ओळख. १९८५ मध्ये तिथं अभयारण्य झालं त्यात त्याचा मोठा वाटा आहे. चित्र काढण्याआधी त्याच्याबद्दल काही गोष्टी पक्क्या माहीत हव्यात. तो अंगणातल्या खारीची मोठी आवृत्ती नाही. त्याच्या पाठीवर पट्टे नसतात. पाठ तांबूस-किरमिजी, पोट सायीच्या रंगाचं, आणि शेपटी शरीराहून लांब, टोकाकडे फिकट होत गेलेली. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावतो, उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांची घरटी बांधतो. खाताना पुष्कळदा मागच्या पायांवर तोल सावरतो, फळ पुढच्या दोन पंजांत धरतो आणि शेपटी फांदीखाली लोंबती सोडतो.

ही शेवटची गोष्टच माझ्या चित्राचा पाया झाली. आधी वहीत पेन्सिलनं वीस-पंचवीस झटपट रेखाटनं केली. त्यातलं एक निवडलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला, सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात खालच्या लेअरवर ठेवला आणि फिकट करून कुलूपबंद केला. आता वरच्या लेअरवर आकार रचायचे.

सगळा प्राणी एका सलग रेघेत काढायचा नाही. शरीर म्हणजे नासपतीचा आकार. डोकं म्हणजे अंडं. कान म्हणजे तेच आपलं पान, लहान करून फिरवलेलं. मांडी म्हणजे आणखी एक अंडं. आकार एकमेकांवर चढवायचे आणि जे सलग दिसायला हवेत ते ‘युनियन’ या आज्ञेनं सांधायचे. जिथे खाच हवी, तिथे एका आकारानं दुसरा कापायचा. मुलं मातीचा बैल करतात तेव्हा आधी गोळे जोडतात आणि मग बोटानं सांधे बुजवतात, तसंच हे काम आहे.

साध्या आकारांतून जिवंत माणूस उभा करायची विद्या आपल्याकडे जुनी आहे. वारली चित्रात दोन त्रिकोण टोकाला टोक लावून भेटतात आणि शरीर होतं, वर एक वर्तुळ, की डोकं. हातापायांच्या साध्या रेघा कशा वाकतात यावरून माणूस नाचतोय की भात लावतोय हे कळतं. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली आकृती उचलून आपल्या पुस्तकात चिकटवावी असं मी म्हणत नाही. ती त्या समाजाची आहे. शिकण्यासारखं आहे ते एवढंच की आकार साधा असला की सगळा जीव त्याच्या कलण्यात असतो.

शेपटी मात्र मी चार वेळा खोडली. पहिल्यांदा वाटलं, केस दाखवायला हवेत, म्हणून ब्रशनं काढलेली शेपटी स्कॅन करून आपोआप ट्रेस करायला दिली. सॉफ्टवेअरनं हजाराहून जास्त नोड दिले. दिसायला शेपटी झुपकेदार, पण वळवायला गेलं की एकेक नोड वेगळा हलायचा. शेवटी एकच लांब वळण घेतलं, चार नोडचं, आणि कडेवर मोजकी सात-आठ टोकं काढली. शेपटी आता फांदीखाली जड होऊन लोंबते. मुलाला केस मोजायचे नसतात, त्याला तिचं वजन कळायला हवं असतं.

सोळा पानांचा प्रवास

चित्रं सुरू करण्याआधी पुस्तकाची घडी समजून घ्यायला हवी. चार कोरे कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा. सोळा पानांची डमी तयार. पहिलं आणि सोळावं पान एकेकटं, मधे समोरासमोरच्या पानांच्या सात जोड्या. डमीची घडी उघडा आणि एकाच कागदावर शेजारी कोणते आकडे येतात ते बघा: १६ आणि १, २ आणि १५, १४ आणि ३. बेरीज दर वेळी १७. म्हणजे वाचताना जी दोन पानं समोरासमोर दिसतात, ती छापताना बहुतेक वेळा वेगळ्या ठिकाणी असतात. मधोमध पिन मारलेल्या सोळा पानी पुस्तकात फक्त आठवं आणि नववं पान एका सलग कागदावर येतं. बाकी जोड्यांत एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून डोळे, चेहरा, अक्षरं घडीवर कधीच आणू नयेत.

माझ्या पुस्तकात दुसऱ्या-तिसऱ्या पानावर भीमाशंकरचं जंगल आणि शेकरू आहे. चौथ्या-पाचव्यावर पान ओढ्यात पडतं. पुढे भातखाचरं येतात. आठव्या-नवव्यावर चासकमान धरणाचं पाणी दोन्ही पानांवर पसरलेलं आहे. अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात रुंद, शांत चित्र मी मुद्दाम या सलग कागदावर ठेवलं. मग धरणाचे दरवाजे उघडतात, पान सुटतं आणि बाराव्या-तेराव्या पानावर राजगुरुनगरला पोचतं. तिथं नदीकाठी राजगुरुवाडा दिसतो. क्रांतिकारक शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी याच गावातला, आणि गावाला आज त्यांचं नाव असलं तरी जुनी माणसं बोलताना अजून खेडच म्हणतात. वाड्याबद्दल मजकुरात एक अक्षर नाही. चित्रात तो आहे. आमच्याकडच्या मुलानं बोट ठेवून “हा आपला वाडा” म्हणावं, यासाठी तो आहे.

चित्रपुस्तकात चित्र मजकुराची पुनरुक्ती करत नाही. मजकूर म्हणतो, पान पुढे गेलं. वाटेत काठावर कोण म्हशी धूत होतं, ते चित्र सांगतं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं याची उत्तम शाळा आहेत. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, आणि त्यांच्या चित्रांतली घरं, स्वयंपाकघरं, आजी-आजोबा आपल्या ओळखीचे वाटतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचा पहिला अंक नोव्हेंबर १९७१ चा. तेव्हापासून किती चित्रकारांनी त्यासाठी चित्रं काढली ते जुने अंक चाळताना दिसतं. व्हेक्टर शिकणाऱ्यानं सॉफ्टवेअरचे धडे गिरवता गिरवता ही पुस्तकं शेजारी ठेवावीत.

डावीकडून उजवीकडे वाचायची सवय असल्यामुळे माझं पान सगळ्या पुस्तकात डावीकडून उजवीकडेच वाहतं. एकदाच, धरणाच्या भिंतीशी, ते उलट फिरतं. तिथं मुलाचा हात पान उलटताना क्षणभर थांबतो.

रंगांची पेटी

पूर्ण पुस्तकासाठी मी नऊच रंग ठरवले. सॉफ्टवेअरमध्ये असा रंग एका जागी नोंदवून ठेवता येतो. पुढे तो तिथं बदलला की सोळाही पानांवर एकदम बदलतो. चित्रं पूर्ण झाल्यावर मला भातखाचरांचा हिरवा पिवळट वाटला, तेव्हा एका बदलात सगळी शेतं सावरली.

एक धोका मात्र ओळखून असावा. स्क्रीन प्रकाशानं रंग दाखवतो आणि कागद शाईनं. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चारच शाया असतात. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी त्यांतून निघत नाही, तो शेवाळी होतो. माझं पहिलं प्रूफ आलं तेव्हा श्रावणातली शेतं मार्गशीर्षातली वाटत होती. म्हणून फाइल सुरुवातीलाच चार शायांच्या पद्धतीत लावावी आणि रंग छापील नमुन्यावरून निवडावेत. इंकस्केपमध्ये काम करत असाल तर हे रूपांतर शेवटी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करावं लागतं, तेव्हा प्रूफ काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

व्हेक्टर चित्रं थंड, गुळगुळीत वाटतात, अशी तक्रार असते आणि ती खरी आहे. त्यावर उपाय आहे. रेघेची जाडी सगळीकडे सारखी ठेवू नये. झाडांची खोडं कात्रीनं कापलेल्या कागदासारखी जरा ओबडधोबड असू द्यावीत. डच चित्रकार डिक ब्रूना यांनी १९५५ पासून मिफी नावाच्या सशाची पुस्तकं केली, ठळक रेघ आणि मोजके सपाट रंग घेऊन. संगणक नसताना काढलेली ती बाह्यरेषा नीट बघितली तर हाताचा हलका कंप दिसतो. तोच तिचा गोडवा आहे.

अक्षरंही त्याच रेघेची

संगणकातल्या फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर नोड आणि हँडलनीच बनलेलं असतं. चित्र आणि मजकूर एकाच धाग्याचे आहेत. म्हणून अक्षरांकडेही चित्रासारखंच बघावं. नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी मी २२ पॉइंटचा टाइप घेतला आणि दोन ओळींत भरपूर अंतर सोडलं. देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा वर जातात, उकार खाली उतरतात. अंतर कमी पडलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो आणि मूल तिथंच अडखळतं.

काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी आधी चालू करावी लागते. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. शिवाय फॉन्ट मराठीचा आहे की हिंदीच्या वळणाचा, ते तपासावं. आपला ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. २०२२ च्या नोव्हेंबरमधल्या शासन निर्णयानंही हीच वळणं वापरायला सांगितलं आहे. मूल शाळेत जो ल गिरवतं, तोच त्याला गोष्टीत भेटायला हवा.

मुद्रितशोधन पूर्ण झाल्यावरच अक्षरांचं आकारांत रूपांतर करावं. एकदा ते झालं की अक्षर हे अक्षर राहत नाही, चित्र होतं, आणि चुकलेली वेलांटी दुरुस्त करायला नोड ओढावे लागतात. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा. चारही शायांत छापला आणि प्लेट केसभर सरकली, तर प्रत्येक अक्षराला रंगीत सावली लागते.

छापखान्याच्या दारात

छापखान्याला द्यायच्या पीडीएफमध्ये शेवटी एवढं तपासावं: चारही बाजूंना ३ मिलिमीटरचं ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी सोडलेली जागा, आहे, महत्त्वाचं काही कडेपासून एक सेंटीमीटरच्या आत नाही, आणि एखादा भटका नोड किंवा रिकामा आकार मागे राहिलेला नाही. २१ सेंटीमीटर चौरस सोळा पानं २३ गुणिले ३६ इंची एका कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून बसतात. छपाईचा खर्च झेपणार नसेल तर प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरसारख्या खुल्या मंचावरही चित्रकथा मुलांपर्यंत पोचू शकते. 

पण फाइल पाठवण्याआधी साध्या कागदावर छापलेली डमी एखाद्या मुलाच्या हातात द्यावी आणि आपण गप्प बसावं. बोट कुठे थांबतं, पान कुठे घाईनं उलटलं जातं, एवढंच बघावं. माझी भाची आठव्या-नवव्या पानावरच्या धरणाच्या पाण्याशी थांबली नाही. पाणी फार रिकामं होतं. मी तिथं एक बगळा काढला, सात नोडचा.

दुसऱ्यांदा डमी दिली तेव्हा ती सोळाव्या पानापर्यंत गेली. त्या पानावर शब्द नाहीत. पुन्हा भीमाशंकरचं झाड आहे, शेकरू आहे, आणि पहिलं पान जिथून गळलं त्याच डहाळीला एक कोवळं पान फुटलेलं आहे. ते मी नव्यानं काढलं नव्हतं. पहिल्याच पानाची प्रत केली, लहान केली आणि तांबूस पोपटी रंग दिला. नोड तेच दोन. भाचीनं त्यावर बोट ठेवलं, मग पानं उलटत तेराव्या पानावर गेली, घाटाशी आलेल्या पानावर बोट ठेवलं, आणि परत सोळाव्यावर आली. दोघांच्या कडेवरून तिनं एकदा बोट फिरवलं.

“मावशी,” ती म्हणाली, “शेकरूला माहितेय.”